घरातल्या रेकॉर्डी आणि फोनोची सुई : निगा कशी राखावी?

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी आणि ठिबक यांविषयी लिहितो. या वेळचा विषय त्यांतला नाही. पण गटागटांत फिरताना हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा विचारला गेला आहे की एकदाच सविस्तर लिहून टाकावे असे ठरवले. "साहेब, माळ्यावर वडिलांच्या रेकॉर्डी निघाल्यात. लई धूळ बसलीय. पुसायच्या कशानं?" असा तो प्रश्न.

आपल्या भागात हा ठेवा घरोघरी सापडतो, यात नवल नाही. ही माती गाण्याची आहे. पलूस तालुक्यातले नागठाणे हे बालगंधर्वांचे गाव. रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे. मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि 1937 साली गेल्यावर तिथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांना विसावा मिळाला. वाई तालुक्यातल्या पसरणीचे शाहीर साबळे. त्यांच्या आवाजात घुमलेले 'गर्जा महाराष्ट्र माझा' 2023 साली राज्यगीत झाले. आटपाडीकडचे ग. दि. माडगूळकर आणि त्यांचे गीतरामायण कोणाला ठाऊक नाही? आशा भोसले यांचा जन्मही सांगलीचाच, 1933 सालचा. या मंडळींचे आवाज तबकडीवर उतरले आणि बाजारहाटातून, जत्रेतून, उसाच्या बिलातून आपल्या घरांत आले.

आता त्या तबकड्यांना धूळ आहे, बुरशी आहे, कसर आहे. पुसायला तर हव्यातच. पण कशाने, हे आधी ठरवले पाहिजे. ते न ठरवता पुसल्याने काय होते, हे सांगताना आमचीच चूक आधी कबूल करतो.

आमची चूक

आमच्या गटातल्या एका सभासदांच्या घरी उसाची नोंद करायला गेलो होतो. काम आटोपल्यावर त्यांनी एक पत्र्याची पेटी पुढे ओढली. वडिलांनी पहिल्या ऊस बिलात चावीचा फोनो घेतला होता आणि त्याबरोबर सात-आठ रेकॉर्डी. त्यांतली एक अभंगाची. एकादशीला ती लावायची आणि आळीतली माणसे सोप्यात येऊन बसायची, असा घरचा रिवाज. तिचा मधला कागद कसरीने खाल्ला होता, त्यामुळे गाणारा कोण हे कोणालाच वाचता येत नव्हते. वर पांढरट बुरशीचा थर.

आम्ही डिप्लोमावाले. उपकरणे स्वच्छ ठेवायची सवय. म्हटले, "त्यात काय, औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणा. कापसानं पुसा. लख्ख निघेल." त्यांनी आमच्यासमोरच पुसायला घेतली. कापूस काळाकुट्ट झाला. आम्हाला वाटले, केवढा मळ निघतोय! दुसरा बोळा घेतला, तोही काळा. मग तबकडीची चमक गेली आणि बोटाला ती चिकट लागू लागली. तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला, पण फार उशिरा. निघत होता तो मळ नव्हे, तबकडीच निघत होती. वाळल्यावर लावून पाहिली तर नुसती खरखर. अभंग गेला.

ते सभासद आम्हाला काही बोलले नाहीत. "जाऊ द्या साहेब, जुनीच होती" एवढेच म्हणाले. म्हातारी आई मात्र उठून आत गेल्या. दुसऱ्या कोणाच्या घरी असे होऊ नये, म्हणून हा लेख.

आधी जात ओळखा

को-86032 आणि को-265 यांना आपण एकच खत-पाणी देत नाही. तसेच इथे आहे. तबकड्यांच्या मुख्य दोन जाती.

पहिली जात लाखेची. ही मिनिटाला 78 फेरे घेते. बहुधा 10 इंचांची, हाताला जड आणि ठिसूळ. पडली की काचेसारखी फुटते. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. हिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी असते, आणि ते सारे धरून ठेवते ती लाख. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्याने केलेला चीक. छोटा नागपूरच्या जंगलातली ही लाख साऱ्या जगाच्या तबकड्यांना जात असे. कलकत्त्याला सियालदह येथे 1908 साली तबकड्यांचा कारखाना निघाला, त्यामागेही हेच एक कारण. आपल्या देशात लाखेच्या तबकड्या 1960 नंतरही निघत होत्या. म्हणून आपल्याकडच्या जुन्या पेट्यांत त्या हमखास सापडतात.

आता सुतार पॉलिश कसे करतो ते आठवा. चपडा लाख घेतो आणि स्पिरिटमध्ये विरघळवतो. म्हणजे लाखेच्या तबकडीवर स्पिरिट घालणे म्हणजे तिचे पॉलिश करून टाकणे! एवढी साधी गोष्ट आमच्या वेळेवर ध्यानात आली नाही.

दुसरी जात प्लॅस्टिकची. अमेरिकेत 1948 साली लाँग प्लेइंग म्हणजे एल.पी. आली, ती व्हिनाइलची. ही 12 इंचांची, मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे वाजणारी. लहान 7 इंची तबकड्या बहुधा 45 फेऱ्यांच्या. हातात धरली तर थोडी लवते, पडली तरी सहसा फुटत नाही. व्हिनाइल म्हणजे आपल्या शेतातल्या पीव्हीसी पाइपाचेच भावंड. स्पिरिटने ती विरघळत नाही, पण पाइप जोडायचे सोल्युशन, थिनर किंवा पेट्रोल लागले तर कामातून गेली. आणि उन्हात टाकलेला पाइप जसा वाकतो, तशी तीही वाकते.

मधल्या कागदावर 78, 45 किंवा 33⅓ लिहिलेले असते ते पाहावे. कागद गेला असेल तर वजन आणि लवचीकपणा पाहावा. मात्र लववून पाहण्याच्या नादात जुनी तबकडी मोडू नये. शंका राहिली तर लाखेची समजून चालावे. लाखेची रीत प्लॅस्टिकच्या तबकडीला बाधत नाही, पण उलट केले तर घात होतो.

सरी आणि सुई

एल.पी.च्या एका बाजूला रेघा किती? पुष्कळ जण शेकडो म्हणतात. खरे म्हणजे एकच. बाहेरून आत गुंडाळत गेलेली एक अखंड सरी. वीस मिनिटांत तबकडी सुमारे 667 फेरे घेते. एक फेरा सरासरी 65 सेंटिमीटरचा धरला तर एका बाजूची सरी 430 मीटरच्या आसपास भरते. रुंदी मात्र केसापेक्षाही कमी. या सरीच्या दोन्ही बगला नागमोडी कापलेल्या असतात. सुई त्यांतून जाताना डोलते आणि त्या डोलण्याचा आवाज होतो.

सरीत ढेकूळ आले की पाणी तुंबते. तबकडीच्या सरीत धुळीचा कण आला की सुई त्यावर आपटते आणि 'टक्' असा आवाज येतो. पण हे एवढ्यावर थांबत नाही. सुईवर वजन दोन-तीन ग्रॅमच असले तरी तिचे टोक इतके बारीक की टेकते त्या जागी दाब चौरस सेंटिमीटरला टनाच्या घरात जातो. आपल्या मातीतला कण दगडाचाच. त्या दाबाखाली तो बगलेत रुततो, नाहीतर बगल खरवडतो. मग कण निघून गेला तरी 'टक्' कायमचा राहतो. म्हणून पुसायचे ते लावण्याआधी. लावून खरखर ऐकल्यावर पुसणे म्हणजे रोग दिसल्यावर बेणेप्रक्रिया करणे.

पाणी कोणते?

विहिरीचे, नळाचे, कॅनॉलचे पाणी चालणार नाही. कारण आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. पाणी सुकते, क्षार मागे राहतात. कृष्णाकाठच्या क्षारपड रानावर पांढरी पापडी येते, तशीच ती सरीत येते आणि सुईखाली कुरकुरते. म्हणून डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. बॅटरीत घालायचे म्हणून ते बाटलीत मिळते. बाटलीवरचे नाव नीट वाचावे. त्याच दुकानात बॅटरीचे ॲसिडही असते!

एल.पी. धुण्याची रीत

1. हात धुऊन कोरडे करावेत. तबकडी कडेने आणि मधल्या कागदावर धरावी. वाजणाऱ्या भागाला बोट लावू नये. बोटाचे तेल धुळीला धरून ठेवते.

2. आधी कोरडी धूळ काढावी. कार्बनच्या तंतूंचा खास ब्रश मिळतो, तो उत्तम. तबकडी फिरती ठेवून ब्रश दोन-तीन फेरे हलका टेकवावा आणि मग सावकाश कडेकडे सरकवत उचलावा. रोजच्या लावण्याला एवढे पुरते.

3. मळ जुना असेल तरच ओली धुलाई. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या बिनवासाच्या पातळ साबणाचे तीन-चार थेंब. जास्त नको, साबणही सरीत बसतो.

4. मऊ मखमलीचा तुकडा किंवा धुऊन मऊ झालेले सुती मलमल या पाण्यात भिजवून पिळावे आणि सरीच्या दिशेने, गोल गोल फिरवावे. आडवे पुसू नये. आडवी कुळवणी केली तर सऱ्या मोडतात, हे आपल्याला ठाऊकच आहे.

5. मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नये.

6. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात दुसरे फडके भिजवून साबण काढून टाकावा. मग कोरड्या मऊ फडक्याने टिपून, भांड्यांच्या जाळीत उभी करून सावलीत वाळवावी. ऊन नको, केस वाळवायचे यंत्र नको.

7. पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालू नये. आतले पाकीट नवे घ्यावे. जुन्या पाकिटातली धूळ पुन्हा बसली तर केलेली मेहनत वाया.

लाखेच्या तबकडीची रीत

इथे स्पिरिट नाही, डेटॉल नाही, अत्तर नाही, स्पिरिट मिसळलेला कोणताही द्राव नाही. सॅनिटायझरही नाही, कारण त्यातही तेच असते. काच पुसायच्या फवाऱ्यातही अनेकदा असते. ज्या घरी दोन्ही जातींच्या तबकड्या आहेत, तिथे पुसायच्या वेळी स्पिरिटची बाटली त्या खोलीतच आणू नये, हे बरे.

आधी मऊ ब्रशने सरीच्या दिशेने धूळ काढावी. बुरशी असेल तर हे काम अंगणात करावे आणि तोंडाला फडके बांधावे. ती धूळ छातीत जाणे चांगले नव्हे. मग वर सांगितलेल्या साबणाच्या पाण्यात फडके भिजवून घट्ट पिळावे, झटपट पुसावे, साध्या डिस्टिल्ड पाण्याच्या ओलसर फडक्याने पुन्हा पुसावे आणि लगेच कोरडे करावे. बादलीत बुडवून ठेवू नये. तबकडीतली पूड पाणी पिते आणि तडा असेल तर पाणी आत शिरते. तडा गेलेली तबकडी कोरडीच पुसावी.

खोबरेल तेल लावून चमक आणायचा प्रकार आम्ही दोन-तीन घरांत पाहिला. चमक येते खरी, पण चार दिवसांत साऱ्या घराची धूळ तिथे गोळा होते. रॉकेलही नको.

सुईची निगा

आम्ही शेतात ब्रिक्स पाहायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर नेतो. प्रत्येक वाचनानंतर काच स्वच्छ पुसली नाही तर आधीच्या उसाचा रस पुढच्या उसाच्या नावावर जातो आणि आमचा चिटबॉय भलताच आकडा लिहून मोकळा होतो. सुईचे तसेच. तबकडी कितीही स्वच्छ असली तरी सुईच्या टोकाला कापसाचे तंतू आणि धूळ चिकटली असेल तर आवाज बसका, घोगरा येतो. माणसाला वाटते, रेकॉर्ड गेली.

सुई पुसताना आवाजाचे बटण पूर्ण कमी करावे. लहान, मऊ, कोरडा ब्रश घ्यावा आणि मागून पुढे, म्हणजे दांडीच्या मुळाकडून टोकाकडे, एकाच दिशेने हलका फिरवावा. बाजूने नाही, पुढून मागे तर मुळीच नाही. टोक ज्या दांडीवर बसवलेले असते ती गव्हाच्या ओंबीच्या कुसळासारखी नाजूक असते. उलटा हात फिरला की मोडते. बोटाने पुसू नये आणि तोंडाने फुंकू नये, थुंकी उडते. इथेही स्पिरिट टाळलेले बरे. टोक चिकटवलेला डिंक सैल होऊ शकतो. प्रत्येक बाजू लावण्याआधी हे करायला अर्धे मिनिटही लागत नाही.

हिऱ्याची सुई साधारण 500 ते 1000 तास चालते. तासाला तीन बाजू धरल्या तर 500 तासांत ती साडेसहाशे किलोमीटर चालून जाते. साताऱ्याहून मुंबईला जाऊन परत आले तरी अंतर उरेल! सफायरची सुई याहून फार लवकर झिजते. झिजलेली सुई पुसून सुधारत नाही. तिला धार येते आणि ती प्रत्येक तबकडी कापत जाते. वापराचे तास वहीत लिहून ठेवावेत आणि वेळेवर बदलावी.

चावीच्या फोनोचा हिशेब वेगळा. त्याची पोलादी सुई एका बाजूपुरतीच. तबकडीतली दगडाची पूड सुईला घासून सरीच्या मापाची करते आणि बाजू संपेपर्यंत सुई झिजलेली असते. पैसा वाचवायला एकच सुई महिनाभर चालवली, म्हणून पुष्कळ जुन्या तबकड्या करड्या पडल्या.

आणखी दोन गोष्टी. एल.पी. चावीच्या फोनोवर कधीही लावू नये, तो जड डोक्याचा नांगर तिला एकाच फेऱ्यात नांगरून टाकतो. आणि 78 ची तबकडी एल.पी.च्या सुईने वाजवू नये. तिची सरी एल.पी.च्या सुमारे तिप्पट रुंद. बारीक सुई तळाला जाऊन घासत बसते. 78 साठी वेगळी, जाड टोकाची सुई मिळते.

ठेवण

तबकड्या उभ्या ठेवाव्यात, पुस्तकांसारख्या, सरळ. कलत्या ठेवल्या की वाकतात, एकावर एक रचल्या की खालच्या दबतात. पत्र्याच्या छताखालचा माळा उन्हाळ्यात भट्टी होतो. माण, खटाव, जत, आटपाडीकडे हे विशेष सांभाळावे. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे भीती ओलीची. तिथे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवाव्यात आणि पावसाळा सरला की पाकिटे एकदा उघडून पाहावीत. हंगामात पाचट पेटवल्याची आणि गुऱ्हाळाची काजळी हवेत असते, तेव्हा फोनोवर झाकण हवेच.

कृष्णा-वारणाकाठी आणखी एक भीती आहे. 2005, 2019 आणि 2021 साली पाणी घरात आले ते कोणी विसरलेले नाही. अशा गावांत तबकड्या खालच्या कपाटात ठेवू नयेत. भिजल्याच तर गाळ वाळू देऊ नये आणि गाळ असताना पुसू नये. आधी वाहत्या स्वच्छ पाण्याखाली, न घासता, गाळ जाऊ द्यावा. शेवटचे पाणी डिस्टिल्ड. एल.पी. अशाने पुष्कळदा वाचते. लाखेची मात्र पटकन धुऊन पटकन टिपावी. भिजलेली पाकिटे चिकटण्याआधी वेगळी करावीत.

शेवटी

ज्या तबकडीचे नाव वाचता येत नाही, ती टाकून देऊ नये, भंगारात तर नाहीच. मधल्या कागदाच्या कडेला तबकडीतच आकडे उमटवलेले असतात. ते कागदावर उतरवून घ्यावेत. तेवढ्यावरून जाणकार ती कोणाची, कोणत्या सालची हे पुष्कळदा सांगू शकतात. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने 1990 च्या दशकापासून हेच काम केले आहे. आणि स्वच्छ केलेली तबकडी पहिल्यांदा लावाल, तेव्हाच तिची नक्कल मुलाबाळांकडून संगणकावर उतरवून घ्यावी. बेण्याचा प्लॉट राखून ठेवतो तसे.

आमच्या हातून बिघडलेल्या त्या अभंगाच्या तबकडीचे आकडे मात्र शाबूत राहिले. स्पिरिट तिथवर पोचले नव्हते. ते आम्ही वहीत लिहून घेतले आहेत आणि दुसरी प्रत कुठे मिळते का, याचा शोध चालू आहे. आपल्यापैकी कोणाच्या पेटीत जुन्या अभंगांच्या 78 च्या तबकड्या असतील तर आपल्या गट ऑफिसात कळवावे. आम्ही आकडे ताडून पाहायला येऊ. येताना कापूस आणणार नाही, याची खात्री असावी.